अकरावा

नववीच्या पुस्तकातला अणू
बांगडीत बांगडी ठेवल्यासारखा दिसतो.
मी तो फळ्यावर काढला तेव्हा कंपासची पिन निसटली
आणि केंद्र जरा डावीकडे सरकलं.
कुणी बोललं नाही. पोरांनी वहीतही तसंच काढलं.

मधे अकरा प्रोटॉन, बारा न्यूट्रॉन,
मुठीत कोंबलेल्या चिंचोक्यांसारखे.
भोवती अकरा इलेक्ट्रॉन :
पहिल्या कक्षेत दोन, दुसरीत आठ,
तिसरीत एकटाच.
सोडियम, मी म्हटलं. तुमच्या घरचाच आहे.

आगरवाड्याची पोरं यावर हसत नाहीत.
मार्च लागला की त्यांच्या बोटांना भेगा पडतात,
पेन धरण्याआधी ती बोटांवर फुंकर घालतात.

चौथ्या तासाला त्यांना बांधावर नेलं.
हजेरीपटावर अकरा, आलेले दहा.
यंदा पाणी न घेतलेल्या एका कोरड्या आगरात
मधोमध माझ्या डब्याचं झाकण,
झाकणात मिठाचा एक कण, मोहरीहून बारीक.
हे केंद्रक. अणूचं जवळजवळ सगळं वजन एवढ्यात.
आता चाला.

ऊर्वी आणि फिलोमेना जवळ थांबल्या.
आठजण त्यांच्यामागं, वेडेवाकडे पसरून;
निखिलेशनं चपला हातात घेतल्या, कारण नसताना.
शेवटचा लागतो तीस पावलांवर, मानशीपाशी.
तिथं उभं राहायला कुणी नव्हतं.
मी छत्री रोवली.

मधे काय आहे, बाई?
काही नाही.
वारा?
वारासुद्धा नाही. वारा अणूंचाच असतो.

सगळे त्या कणाकडे बघत राहिले,
जो इतक्या लांबून दिसतच नव्हता.
मग ऊर्वीनं टाच आपटली :
मगीर पांय आरपार कित्याक वचना?

पुस्तकात याचं उत्तर नाही.
मला येतं तेवढं सांगितलं :
तुझ्या टाचेतले इलेक्ट्रॉन आणि जमिनीतले इलेक्ट्रॉन
एकमेकांना फार जवळ येऊ देत नाहीत.
आपण ज्याला टणक म्हणतो
ती त्यांची हरकत असते.

आणि हेही, की ते तुमच्यासारखे
एका जागी उभे नसतात, वर्तुळावर धावतही नाहीत.
कुठं असेल याचा अंदाज बांधता येतो,
बोट ठेवता येत नाही.
वर्तुळं परीक्षेपुरती.

तेवढ्यात पलीकडच्या आगरात अकरावा दिसला.
सुदिन. शेजाऱ्याच्या मिठावर
लांब दांड्याची फळी ओढत होता,
पांढरं पुढं ढकलत, पाणी मागं सोडत.
मोजलं पोरांनीच :
तिथं सातजण होते, हा आठवा.
बाई, क्लोरीन! ऊर्वी ओरडली,
आणि दहाच्या दहाजण हसत सुटले.
त्याला काहीच कळलं नाही.
त्यानं फळी उंच करून हलवली.

मलाही हसू आलं, पण पुरतं नाही.
सगळ्यात बाहेरचा तेवढा घट्ट धरलेला नसतो,
हे मी दर वर्षी शिकवते.
तो गेला की मागं धन प्रभार उरतो,
गेला तिथं ऋण,
आणि मग ते दोघे एकमेकांना सोडत नाहीत,
दोन गुणांचं उत्तर.
हजेरीपटात सुदिनच्या नावापुढं
फेब्रुवारीपासून नुसत्या आडव्या रेघा,
मीच मारलेल्या.

सोमवारी तो आला.
वर्तमानपत्राच्या पुडीत मीठ, ओलसर, राखट,
टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला.
बाई, माझ्या जाग्यार कोण रावलो?

कुणी नाही, म्हटलं. छत्री लावली होती.
ठाऊक आहे, म्हणाला.
मानशीपाशी जाऊन आला होता तो.
भोक अजून आहे.